अक्षर पुन्हा कोरायचं नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरहून विजापूर रस्त्यानं निघालं, वडकबाळला सीना नदीचा पूल ओलांडला, की थोड्या वेळानं मंद्रूप लागतं. हे माझं गाव. आणखी पुढं गेलं की भीमा आणि भीमेच्या पलीकडे कर्नाटक. आमच्याकडे बाजारात मराठी, घरात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. त्यामुळे एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत नेताना त्याचं वजन कसं बदलतं, हे आम्हाला शाळेत जाण्याआधीच कळलेलं असतं.

गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकी. रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण एकत्र बसून बायबल वाचतो. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे कुठं ओळ अडली की ती माझ्या पुढ्यात येते. मागं असंच एकदा लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय चालला होता. सव्विसावं वचन आलं. येशू लोकांना सांगतो की जो आपल्या आईबापांचा, बायकामुलांचा, भावाबहिणींचा, स्वतःच्या जिवाचासुद्धा द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता येत नाही. कॉलेजात जाणारी एक मुलगी वाचता वाचता थांबली. म्हणाली, “सर, हे असंच लिहिलंय? आईचा द्वेष करायचा?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मात्र माझे आजोबा आठवले.

आजोबा तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत कामाला होते. रात्रीच्या शाळेत अक्षर शिकले, बायबल वाचू लागले आणि ख्रिस्ती झाले. त्यांची आई भीमेपलीकडच्या गावात राहायची. तिला मुलाचं हे वागणं पटलं नाही. बोलणं तुटलं. काही वर्षांनी ऐन पावसाळ्यात निरोप आला की म्हातारी अंथरुणाला खिळलीय, तुझं नाव घेतेय. नदी भरलेली होती. काहिलीतून ओलांडावी लागायची, पण माणसं ओलांडत होती. आजोबा गेले नाहीत. निरोप आणणाऱ्याला त्यांनी हेच वचन वाचून दाखवलं. आठवड्यात ती गेली. पुढं चाळीस-पन्नास वर्षं आजोबा जगले. रोज बायबल वाचायचे. पण लूकचा चौदावा अध्याय आला, की पानं उलटून पुढं जायचे. मी लहान असताना एकदा विचारलं, “अज्जा, हे का वाचत नाही?” ते म्हणाले, “ते मी एकदा वाचलंय.”

म्हणून आज मी जे बोलणार आहे तो माझ्यासाठी निव्वळ अभ्यासाचा विषय नाही. धर्मग्रंथातलं कठीण वचन चुकीचं वाचलं तर काय होतं, हे मी घरात पाहिलेलं आहे. आणि ते वाचायचं टाळलं तर काय होतं, तेही पाहिलेलं आहे. मग ते वाचावं कसं? महाराष्ट्रात हा प्रश्न आपल्या आधी अनेकांना पडला होता. त्यांनी काय केलं, ते बघू.

पण त्याआधी, आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यातली एक गोष्ट सांगतो. भीमा आणि सीना यांचा संगम हत्तरसंग कुडल इथं होतो. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्या लेखाच्या शेवटच्या मराठी ओळीचा भावार्थ असा : जो हे वाचील, तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर वाचणाऱ्यालाच आशीर्वाद लिहून ठेवला.

शिलालेख वाचण्याचं काम मोठ्या चिकाटीचं असतं. दगड धुवायचा, अक्षरांवर कागद दाबून ठसा घ्यायचा, सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा पाहायचं, त्याच काळातल्या दुसऱ्या लेखांतलं अक्षर शेजारी ठेवून ताडून बघायचं. इतकं करूनही एखादं अक्षर लागत नाही. मग प्रामाणिक अभ्यासक ती जागा मोकळी सोडतो. एक गोष्ट मात्र तो कधीच करत नाही. आपल्याला हवा तो अर्थ निघावा म्हणून छिन्नी घेऊन अक्षर पुन्हा कोरत नाही.

धर्मग्रंथ वाचणाऱ्यालाही हाच नियम लावावा असं मला वाटतं. तो मी बाहेरून आणलेला नाही. आपल्याकडच्या जाणत्या ख्रिस्ती वाचकांनी तो पाळलेला दिसतो.

पहिली गोष्ट ही, की कठीण वचन आहे असं कबूल करण्यात अश्रद्धा नाही. खुद्द बायबलच ते कबूल करतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात शेवटी शेवटी म्हटलं आहे, की पौलाच्या पत्रांत समजायला अवघड अशा काही गोष्टी आहेत आणि अडाणी माणसं त्यांचा विपरीत अर्थ करतात. प्रेषितांच्या कृत्यांत एक इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचतो आहे. फिलिप्प त्याला विचारतो, की वाचतोयस ते कळतं का? तो सरळ सांगतो, की कुणी समजावल्याशिवाय कसं कळणार? त्या माणसाला कुणी रागावलं नाही.

मराठीत तर ही प्रश्नांची वाट फार जुनी. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल इथं छापलं गेलं. हजारो ओव्यांचा हा ग्रंथ. पण त्याची मांडणी बघा. गुरू एकटाच बोलत सुटलेला नाही. ऐकणारे मधेच थांबवतात, शंका काढतात, आणि मग कथा पुढं जाते. कीर्तनात, पुराणात वाढलेल्या श्रोत्यांना प्रश्न विचारायची सवय होती. त्या इंग्रज पाद्र्यानं ती सवय मोडली नाही, ग्रंथातच घेतली. मराठीतल्या या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथात श्रोत्याच्या शंकेला अशी मानाची जागा आहे.

दुसरं उदाहरण नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचं. हे मराठी चित्पावन घराण्यातले, पण वाढले काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्यानं संस्कृतात ‘मतपरीक्षा’ नावाचं पुस्तक लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. विशीच्या आसपासच्या नीलकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला संस्कृतातच उत्तर दिलं. त्यांचे प्रश्न आजही धारदार वाटतात. जन्मतःच कुणी सुखी, कुणी दुःखी, याचा हिशेब कसा लावणार? ज्याच्या कानावर ख्रिस्ताचं नाव कधी गेलंच नाही, त्याला दोष कसा देणार? पुढं बायबल वाचता वाचता १८४८ साली त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. लोक त्यांना फादर नेहेम्या गोऱ्हे म्हणू लागले. पण बाप्तिस्म्यानं प्रश्न पुसले गेले नाहीत. अनंतकाळच्या शिक्षेविषयीची वचनं त्यांना छळत राहिली. दयाळू देव आणि न संपणारी शिक्षा यांचा मेळ कसा घालायचा, या शंकेनं ते वारंवार व्याकूळ झाले. ती वचनं बायबलात नाहीतच असं त्यांनी म्हटलं नाही, आणि आपल्याला ती पटली असंही खोटं दाखवलं नाही. शंका असतानाच प्रार्थना केली, सेवा केली. १८९५ साली ते वारले. विश्वास म्हणजे सगळी उत्तरं खिशात असणं नव्हे, हे मला या माणसाकडून कळलं.

याच गोऱ्हे यांच्या लिखाणाचा प्रभाव पुढं पंडिता रमाबाईंवर पडला. आणि रमाबाईंशिवाय तर ही गोष्ट पुरी होणार नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आश्रम करून राहत होते. तिथं जाण्याचं कारण काय? त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष झाला. पंडितांनी जाब विचारला. अनंतशास्त्र्यांनी काय करावं? शास्त्रं झुगारली नाहीत आणि पंडितांपुढे मानही तुकवली नाही. सगळे ग्रंथ पुन्हा चाळले, स्त्रियांना संस्कृत शिकवायला हरकत नाही असं दाखवणारी वचनं जमवली आणि उडुपीला विद्वानांच्या सभेत आपली बाजू मांडली. एका वचनाच्या शेजारी दुसरं वचन ठेवायचं, संदर्भ पाहायचा, पूर्वपक्ष ऐकायचा, मग उत्तरपक्ष करायचा. ही आपल्या शास्त्रीपंडितांची पद्धत रमाबाईंनी आईबापांच्या तोंडून शिकली. बायबल वाचताना त्यांनी तीच वापरली.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. तिथंच धर्मशास्त्रं बारकाईनं वाचताना स्त्रियांविषयी आणि शूद्रांविषयी त्यात काय लिहिलं आहे, ते पाहून त्या अस्वस्थ झाल्या. १८८३ साली इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं पतित ठरवलेल्या बायकांना तिथं मायेनं वागवत होते. हे असं का वागता, म्हणून रमाबाईंनी विचारलं. तेव्हा भगिनींनी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, तो हा अध्याय. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण लगेच वाद सुरू झाले. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा कुमारीच्या पोटी जन्म, पंथाची मतं, या सगळ्यांवर रमाबाईंनी आपल्या धर्मगुरू भगिनी जेराल्डाइन यांना पत्रांतून प्रश्न विचारले. हे शास्त्रात कुठं लिहिलं आहे ते दाखवा, असा त्यांचा आग्रह. मोठ्या कष्टानं इकडच्या पुरोहितांचं जोखड मानेवरून उतरवलं आहे, आता लगेच दुसऱ्यांचं घ्यायला मी तयार नाही, अशा आशयाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. भगिनींना हा गर्व वाटला. पण चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र प्रश्नांना प्रश्न म्हणूनच उत्तर दिलं. दोन बायका बसून शास्त्रावर वाद घालताहेत, हे १८८४-८५ सालचं चित्र आहे, हे विसरू नका.

त्याच सुमारास आणखी एक अडचण आली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का? मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा वाईट परिणाम होईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. आपल्या आईनं आणि आपण तरुण मुलांना शिकवलं, त्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, मग ही मंडळी का घेतात?

आता कुणी बायबल उघडून म्हणेल, की पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहिलं आहे ना? आहे. पुसून टाकता येणार नाही. पण त्याच पत्राचा अकरावा अध्याय काढा. तिथं स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल धरून चालतो आणि ते करताना डोक्यावर पदर असावा एवढंच सांगतो. गप्पच राहायचं असेल, तर हा पदराचा नियम कशाला? म्हणजे चौदाव्या अध्यायातला आदेश त्या मंडळीतल्या काही गोंधळासाठी होता का, की आणखी कशासाठी, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. पण एक वचन उचलून बायकांचं तोंड कायमचं बंद करता येत नाही, एवढं त्याच पत्रावरून कळतं. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका गावोगाव जाऊन उघडपणे बोलू लागल्या.

केडगाव म्हणजे आपल्या पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचंच स्टेशन. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणि बायका रमाबाईंनी तिथं सांभाळल्या. त्यांना वाचायला शिकवलं. आणि तिथं त्यांच्या लक्षात आलं, की हातात असलेलं मराठी बायबल या बायकांना कळत नाही. मराठीत नवा करार १८११ सालापासून छापलेला होता. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या मदतीनं तो केला होता. नंतर मुंबईच्या मिशनऱ्यांनी नवी भाषांतरं केली, सुधारणा केल्या. पण भाषा जड राहिली, संस्कृत शब्दांनी भरलेली.

म्हणजे कठीण वचनं दोन तऱ्हेची असतात, बघा. काही मुळातच कठीण असतात. काही भाषांतर करणाऱ्यानं कठीण केलेली असतात. हा फरक ओळखायचा, तर मुळात काय आहे ते पाहायला हवं. पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या दोन भाषांचा अभ्यास केला. दीड तपाच्या आसपास त्या या कामाला लागल्या होत्या. खिळे जुळवणं, छपाई, ही कामं मुक्तीतल्या मुली आणि बायकाच करत. जुलै १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. १९२४ साली ते बायबल छापून पुरं झालं.

मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी. रमाबाईंचे किती प्रश्न होते, ते आपण पाहिलं. ज्या वचनांनी त्यांना छळलं, ती भाषांतरात थोडी मऊ करणं त्यांच्या हातात होतं. पण त्यांनी धरलेला मार्ग मुळाला चिकटून राहण्याचा होता. शब्द सोपा करायचा, मजकूर नाही. अक्षर पुन्हा कोरायचं नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आईचा द्वेष करायचा का?

आधी शब्द पाहू. लूकनं ग्रीक भाषेत लिहिलं, पण येशूचं बोलणं अरामी, आणि त्यामागं हिब्रू शास्त्राचा संस्कार. हिब्रूत ‘साने’ हा शब्द आहे. त्याचा एक अर्थ द्वेष करणं. पण उत्पत्तीच्या पुस्तकात एकोणतिसावा अध्याय काढा. याकोबाला दोन बायका, राहेल आणि लेआ. तिसाव्या वचनात म्हटलं आहे, की त्यानं लेआपेक्षा राहेलीवर अधिक प्रीती केली. लगेच पुढच्या वचनात लेआविषयी हाच ‘साने’ शब्द आला आहे. याकोब लेआचा द्वेष करत होता का? तिला मुलं झाली, ती घरात राहिली. आपल्या कहाण्यांत एक आवडती राणी असते आणि एक नावडती असते ना? तसंच हे. आवडती म्हणजे जिचा मान पहिला, नावडती म्हणजे जिचा मान मागं पडला. कहाणीत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला मोठं व्याकरण लागत नाही.

मग शेजारचं वचन पाहू. हीच शिकवण मत्तयानं दहाव्या अध्यायात दिली आहे. तिथं शब्द असे आहेत, की जो माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रेम करतो, तो मला योग्य नाही. म्हणजे प्रश्न पहिला मान कुणाचा, हा आहे.

आणि मग बोलणारा कोण, ते पाहू. शत्रूवरही प्रेम करा म्हणणारा हा माणूस आईचा राग धरायला सांगेल का? मार्कच्या सातव्या अध्यायात तो परुश्यांवर चिडला, तो कशासाठी? आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं आहे असं सांगून लोक हात झटकत होते, म्हणून. देवाचं नाव पुढं करून आईबापांना टाकणं त्याला खपलं नाही. आणि क्रुसावर, जीव जात असताना, त्यानं आईकडे पाहिलं आणि तिला एका शिष्याच्या हाती सोपवलं. लूकचं वचन वाचताना हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले नाहीत, तर आपण अर्धवट वाचलं.

पण इथं एक सावधगिरी. अर्थ लावला म्हणून वचन गुळगुळीत होत नाही. ‘द्वेष’ म्हणजे ‘कमी प्रेम’ असं सांगून मोकळं झालं, की ऐकणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि झोपी जातो. येशूनं कडक शब्द वापरला, तो कारणासाठी. निवड करावी लागते, आणि निवड दुखवते. नारायण वामन टिळकांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. पेन्सिल हातात घेऊन खुणा करत वाचायची टिळकांची सवय. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. पण टिळकांनी बायकोला टाकलं नाही आणि जबरदस्तीनं ओढलंही नाही. लक्ष्मीबाईंनी जातीपातीचा प्रश्न स्वतःच्या डोक्यानं सोडवला आणि पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःच्या पायांनी आल्या. निवड टिळकांनी केली, तिची किंमत दोघांनी मोजली, पण द्वेष कुणी केला नाही. लूकच्या त्या वचनाचा यापेक्षा चांगला मराठी अर्थ मला माहीत नाही.

शेवटी, असंही वचन येतं की शब्द पाहिला, शेजार पाहिला, बोलणारा पाहिला, तरी ते उघडत नाही. एकशे सदतिसावं स्तोत्र घ्या. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचं ते गाणं. सुरुवात इतकी करुण, की डोळ्यांत पाणी यावं. आणि शेवट? बाबेलची तान्ही बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलं आहे. याचं काय करायचं? एवढं सांगता येतं, की ही देवाची आज्ञा नव्हे. यरुशलेमचा नाश ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांची ही किंकाळी आहे. आपला सूड त्यांनी शत्रूवर उगवला नाही, देवापुढं ओकून टाकला. माझ्यापुरतं मला एवढंच कळतं. पण आमच्या रविवारच्या बैठकीत हे स्तोत्र येतं, तेव्हा शेवटची ओळ आम्ही वगळत नाही. वाचतो, आणि थोडा वेळ कुणीच बोलत नाही. शिलालेखातली ती मोकळी जागा असते ना, तशी ही जागा आम्ही मोकळी ठेवतो. तिथं घाईनं काहीतरी भरण्यापेक्षा ते बरं.

आज वाचकाला मदत पुष्कळ आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ २०१० साली आलं. २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. ख्रिस्ती नसलेल्या अनेक मराठी घरांतही ते पोचलं. आमच्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, २०२० साली झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. क्रिस्तपुराणापासून निघालेली वाट चारशे वर्षांत इथवर आली. पण पुस्तकं कितीही आली, तरी वाचायला बसतो तो एकटा माणूस, आणि त्याच्या पुढ्यात एक ओळ. ती त्याच्या हातून कुणाला तरी जगवेल किंवा मारील.

हे सगळं त्या दिवशी मी त्या मुलीला सांगितलं नाही. तेवढा वेळ नव्हता. लेआची गोष्ट सांगितली, मत्तयातलं वचन काढून दाखवलं, क्रुसाजवळच्या आईची आठवण दिली. ती म्हणाली, “मग सर, हे चुकीचं वाचून कुणी आईला सोडलं असेल का हो?”

मी म्हटलं, “हो. माझ्या आजोबांनी.”

मग मी सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती कुणी उघड सांगत नसे. आजोबांना कुणी शेजारी बसून मत्तयाचा दहावा अध्याय दाखवला असता, तर कदाचित त्यांनी त्या पावसात नदी ओलांडली असती. पण ते एकटे वाचत होते, नुकतंच अक्षर शिकले होते, आणि जे लिहिलंय ते पाळायचंच, असा त्यांचा कडवा प्रामाणिकपणा होता. त्यांच्या प्रामाणिकपणाला मी नावं ठेवत नाही. त्यांना सोबत मिळाली नाही, एवढंच म्हणतो.

म्हणून माझं सांगणं थोडकं आहे. कठीण वचन आलं की पान उलटू नका. आपल्या सोयीसाठी त्याचं अक्षर बदलू नका. आणि ते एकट्यानं वाचू नका. कुडलच्या दगडावर वाचणाऱ्याला विजय देऊ केला आहे. तो विजय वादात जिंकण्याचा नसावा, असं मला वाटतं. भरल्या नदीतून पलीकडे, आपल्या माणसापर्यंत पोचण्याचा असावा.

आजोबांचं बायबल माझ्याकडे आहे. बाकीची पानं वापरून मऊ झाली आहेत. लूकच्या चौदाव्या अध्यायाचं पान मात्र अजून कोरं करकरीत. आता रविवारी ते वचन आलं, की आम्ही त्याच पुस्तकातून वाचतो.